ताटीवरचा क्षार, हाडातला क्षार

हाडातलं मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजन. त्याच्या पहिल्या तीन बॅचचं मी जिलेटिन करून टाकलं. दोनदा स्वतःच्या चुकीने, एकदा नागपूरच्या मे महिन्याच्या मेहेरबानीने.

त्या मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी विभागातली वीज गेली. चार अंशांचं कोल्ड कॅबिनेट जनरेटरवर आहे असं मी धरून चालले होते. ते नव्हतं. सोमवारी दार उघडलं तर आतून ऊन हवा तोंडावर आली. बाटलीतलं कोलॅजन शुक्रवारी इतकं दाट होतं की काचेची कांडी वर उचलली की तार धरायचं. सोमवारी पाण्यासारखं पातळ. रंग तोच, व्हिनेगरचा वासही तोच, त्यामुळे मी स्वतःची समजूत काढली आणि बाटली मुकाट्याने दुसऱ्या फ्रीजमध्ये ठेवली. संध्याकाळी बघते तर आत थलथलीत जेली.

आमच्या घरी थंडीत पायाचा रस्सा होतो. रात्री उरलेला रस्सा सकाळी पातेल्यात असाच थिजलेला असतो, चमच्याने कापावा लागतो. आई त्यासाठी कुकरला शिट्ट्यांवर शिट्ट्या देते. मी तेच काम दोन दिवस वीज घालवून केलं.

कोलॅजनचा एक रेणू म्हणजे तीन साखळ्यांची घट्ट तिपेडी वेणी. लांबी साधारण ३०० नॅनोमीटर, जाडी जेमतेम दीड. उष्णतेने ही वेणी सुटते आणि सुटलेली परत तशी घालता येत नाही. थंड केल्यावर मोकळे पेड एकमेकांत कसेही गुंततात, त्याची जेली होते. चांगल्या कोलॅजनची तऱ्हा नेमकी उलटी असते. आम्लातून काढून त्याचा पीएच सातच्या वर आणला आणि ३७ अंशांवर ठेवलं, की ते उबेत घट्ट होतं. तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलेलं आहे: थंडीत थिजलं ते गेलं, उबेत थिजलं ते राहिलं.

हा सगळा उपद्व्याप हाडासाठी होता. हाडाच्या वजनात साधारण ६५ टक्के खनिज असतं, उरलेल्यात पाणी आणि मुख्यतः कोलॅजन. खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, शरीरात थोडं कार्बोनेट मिसळलेलं. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं तर खनिज निघून जातं आणि हाड रबरासारखं वाकतं. तेच हाड भट्टीत जाळलं तर आकार राहतो, पण बोटाने दाबलं की खडूसारखं मोडतं. ताकद दोघांच्या एकत्र असण्यात आहे. अपघातात किंवा गाठ काढताना हाडाचा मोठा तुकडा गेला तर डॉक्टर बहुतेक वेळा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून तुकडा घेऊन तिथे बसवतात. पण कमरेतून घेऊन घेऊन किती घेणार? शिवाय जिथून घेतलं तिथे दुखतं ते वेगळंच. म्हणून त्या पोकळीत ठेवायला कोलॅजन आणि खनिजाची एक सच्छिद्र चकती करायची. तिला स्कॅफोल्ड म्हणतात, म्हणजे बांधकामाची परांचीच. फरक एवढाच की इमारत झाल्यावर परांची मिस्त्री उतरवतो, आणि ही परांची शरीराने स्वतःच हळूहळू खाऊन टाकायची असते.

कोलॅजन आणायचं कुठून हा पहिला प्रश्न. परदेशी लेखांमध्ये बैलाच्या टाचेची कंडरा सर्रास वापरतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलही गोवंश हत्याबंदीत आले, त्यामुळे तो विषय माझ्या गाइड मॅडमनी पहिल्याच दिवशी मिटवला. विकतची बाटली मिळते, पण तिच्या किमतीत माझी तीन महिन्यांची फेलोशिप गेली असती. शेवटी शहरातल्या एका औषधनिर्माण महाविद्यालयाच्या प्राणीगृहाशी बोलणं झालं. तिथे दुसऱ्या अभ्यासात वापरून झालेल्या पांढऱ्या उंदरांच्या शेपट्या एरवी जाळायलाच जात होत्या. नैतिकता समितीचं पत्र आणि दोन सह्या मिळाल्यावर त्या आम्हाला मिळू लागल्या.

शेपटी सोलणं वाटतं तितकं किळसवाणं नाही. टोकाकडून दोन सेंटिमीटरवर आर्टरी फोर्सेपने घट्ट पकडायचं, पिरगाळून मोडायचं आणि हळूच ओढायचं. तुटलेल्या तुकड्यामागून पांढऱ्या, रेशमासारख्या चमकदार दोऱ्यांचा झुपका सळसळत बाहेर येतो. प्रकाशात धरले तर त्या दोऱ्यांवर बारीक आडव्या लहरी दिसतात, नुकत्या सोडलेल्या वेणीच्या केसांना असतात तशा. ते दोरे कापायचे, थंड पाण्यात रक्त जाईपर्यंत धुवायचे आणि ०.५ मोलर अ‍ॅसिटिक आम्लात चार अंशांवर ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी दोरे फुगून काचेसारखे पारदर्शक होतात आणि तिसऱ्या दिवशी दिसेनासे होतात. मग सेंट्रिफ्यूज, मिठाने साका बसवणं, पुन्हा आम्लात विरघळवणं आणि डायलिसिसच्या पिशवीत घालून पाणी बदलत बसणं. ह्यात आठवडा जातो आणि सांगण्यासारखं काही घडत नाही. फक्त त्या आठवड्यात माझ्या ओढणीला लोणच्याच्या बरणीचा वास यायचा.

पुढचा टप्पा गोठवण्याचा. द्रावण साच्यात ओतायचं, गोठवायचं आणि निर्वात यंत्रात त्यातला बर्फ पाणी न होऊ देता थेट वाफ करून काढून घ्यायचा. बर्फाचे स्फटिक जिथे होते तिथे छिद्रं राहतात. म्हणजे छिद्र किती मोठं होणार ते बर्फ ठरवतो. घरच्या फ्रीजमध्ये दूध सावकाश गोठलं की कुल्फीत बर्फाचे खडे लागतात, ते इथे आपल्याला हवे असतात. माझ्या हौसेने मी गोठवण्याची पहिली बॅच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवली. मिनिटात काम झालं, दिसायलाही झकास, पण छिद्रं इतकी बारीक की पेशी आत जाणार कशा? हाडाच्या पेशी आणि त्यांच्यामागून येणाऱ्या रक्तवाहिन्यांना निदान १०० मायक्रॉन तरी वाट लागते, ३०० असेल तर उत्तम. मग उणे २० च्या साध्या फ्रीजरमध्ये रात्रभर सावकाश गोठवायला लागले आणि छिद्रं सुधारली. यंत्रातून बाहेर येते ती चकती मुरमुऱ्याइतकी हलकी असते. पंख्याखाली ताट ठेवायचं नाही, हे एकदा सगळ्या चकत्या टेबलाखालून गोळा केल्यावर कळलं.

पण ही चकती पाण्यात टाकली की लगदा होतो. तिच्या तंतूंना एकमेकांशी रासायनिक टाके घालावे लागतात. ग्लुटाराल्डिहाइड स्वस्त आणि पक्कं, पण त्याचा अंश राहिला तर पेशी मरतात. जेनिपिन पेशींना बरंच मानवतं. ते गार्डेनियाच्या फळापासून मिळतं आणि कोलॅजनशी जुळलं की चकती गडद निळी होते. आमच्या लॅबमध्ये एका सीनियर ताईने केलेल्या निळ्या चकत्या अजून शोकेसमध्ये आहेत. पाहुणे त्यांनाच आधी हात लावतात. मी ईडीसी आणि एनएचएस ही दोन रसायनं वापरली. ती टाके घालून स्वतः मधून निघून जातात आणि उरलेलं धुऊन काढता येतं. ईडीसीची बाटली मात्र उणे २० मधून काढून लगेच उघडायची नाही. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर पावसाळ्यात झाकण उघडताच आत ओल धरते आणि पुढच्या वेळी टाके पडत नाहीत.

इथपर्यंत पोचायला मला दिवाळी आली. खरं कोडं पुढे होतं: खनिज.

क्योटो विद्यापीठाच्या तदाशी कोकुबो यांनी १९९० च्या सुमारास एक द्रावण प्रचारात आणलं. रक्तातल्या पाण्यात जे क्षार जितके असतात, जवळपास तितकेच त्यात असतात: सोडियम १४२ मिलिमोलर, कॅल्शियम २.५, फॉस्फेट १. एखादा पदार्थ शरीरात हाडाशी जुळेल का, याचा अंदाज त्यात बुडवून घ्यावा, हा त्यांचा हेतू. म्हणजे ती चाचणी होती. आमच्यासारख्यांनी तिची पाककृती केली: चकती त्यात ठेवा, दर दोन दिवसांनी द्रावण बदला, दोन आठवड्यांनी खनिज बसलेलं मिळेल.

द्रावण करायलाही हात बसावा लागतो. भांडं प्लास्टिकचं हवं, कारण काचेवर ओरखडा असेल तर खनिज चकती सोडून त्या ओरखड्यावर बसतं. एक क्षार पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरा टाकायचा नाही. कॅल्शियम उशिरा, आम्ल टाकून झाल्यावर, आणि शेवटी ट्रिस नावाचं बफर, म्हणजे पीएच सांभाळणारं रसायन, चिमटीचिमटीने. घाई केली की अख्खं लिटर दुधट होतं. दुधट झालेलं ओतून टाकायचं, गाळून वापरायचं नाही. हे मी गाळून वापरल्यावर शिकले.

तरी जानेवारीत माझ्या चकत्यांवर काहीच बसेना. चौदा दिवस झाले, एकवीस झाले. एफटीआयआरमध्ये, म्हणजे अवरक्त प्रकाशाने रासायनिक बंध ओळखायच्या चाचणीत, फॉस्फेटचा १०३० पाशी यायचा तो पट्टा नाही. कॅल्शियमची बाटली जुनी असेल म्हणून नवी मागवली. पाणी बदललं. मॅडमनी वही मागितली, एकेक ओळ वाचत गेल्या आणि एका जागी बोट ठेवलं.

"पीएच किती तापमानाला लावला?"

"रूम टेम्परेचरला."

"कोणत्या रूमच्या?"

सकाळी साडेआठला लॅबमध्ये १८ अंश होते. ट्रिसचा पीएच दर अंशाला साधारण ०.०२८ ने उतरतो. मी १८ अंशांना लावलेले ७.४० इनक्युबेटरच्या ३६.५ अंशांत जाऊन ६.९ च्या आसपास होत होते, आणि तेवढ्या पीएचला खनिज बसायला तयार नसतं. गंमत म्हणजे हीच चूक मी मे महिन्यात केली असती तर कुणाच्या लक्षातही आली नसती, कारण तेव्हा आमची खोलीच ३७-३८ ला असते. परदेशी लेखात 'खोलीच्या तापमानाला' असं लिहिलेलं दिसलं की मी आता समासात एक प्रश्नचिन्ह काढते.

पाणी गरम करून, इलेक्ट्रोड त्याच तापमानाला ठेवून पुन्हा केलं. ह्या वेळी खनिज आलं, आणि भरभरून आलं. एसईएमच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या, पडद्यावर पांढरे गोलगोल गुच्छ दिसले, फुलकोबीच्या गड्ड्यांची टोपली उपडी करावी तसे. एक्सआरडीमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीत, २६ आणि ३२ अंशांजवळ रुंद, बसके उंचवटे; म्हणजे बारीक, अर्धवट स्फटिकांचं अ‍ॅपेटाइट, हाडातही असंच असतं. मी फोटो छापून टेबलासमोर चिकटवला. आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तिने विचारलं, "कोबी काहून पाठवली?"

एप्रिल लागला होता. लॅबच्या व्हरांड्यात मोठा कूलर आहे आणि त्याच्या ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्या, बदलायचं काम काकाजींकडे. काकाजी म्हणजे आमचे अटेंडंट. अनेक वर्षं इथे आहेत आणि कोणती काचेची वस्तू कुणी फोडली हे सालासकट सांगतात. दुपारी ते जुन्या ताट्या काढत होते. बोअरच्या पाण्याने लाकडी गवतावर वर्षभर क्षार बसून त्याचा पांढरा कडक पापुद्रा झालेला. ते ताटी आपटत होते आणि पांढरे कपचे फरशीवर पडत होते. मी जवळच टेबलावर चकत्या वाळत घातल्या होत्या. काकाजी हात पुसत आले, विचारून एक चकती उचलली आणि अंगठ्याने कडेला दाबली. पांढरी पूड त्यांच्या अंगठ्याला लागली.

"ताई, हे तं आपल्या कूलरची ताटी झाली बाप्पा."

मला राग आला. खरं सांगते, चांगलाच आला. काकाजी गेल्यावर मी ब्लेड घेतलं आणि चकती मधोमध कापली. कापलेल्या बाजूवर अ‍ॅलिझरिन रेडचे दोन थेंब टाकले. हा रंग कॅल्शियमला धरून लाल होतो. धुतल्यावर कडेने एक बारीक लाल रेघ राहिली, नखाला नेलपॉलिशची कड राहते तेवढी. आत सगळं पांढरं, कोरं कोलॅजन.

मी आठ महिने उंदराच्या शेपटीच्या सुंदर ताट्या विणून त्यांच्यावर क्षार बसवत होते.

खऱ्या हाडात खनिज तंतूंवर लिंपलेलं नसतं, तंतूंच्या आत असतं. कोलॅजनचे रेणू तंतूत एकामागे एक थोडे सरकवून रचलेले असतात. त्यामुळे दर ६७ नॅनोमीटरला तीच नक्षी पुन्हा येते आणि त्यात सुमारे ४० नॅनोमीटरची एक मोकळी फट सुटते. खनिजाचे पातळ पत्रे त्या फटींपासून सुरू होतात. इथे माझी आणखी एक चूक उघडी पडली. मी आम्लातलं कोलॅजन जसंच्या तसं गोठवत होते. आम्लात रेणू सुटे असतात, तंतू जुळलेलेच नसतात. तंतूच नाहीत तर फट कुठली आणि खनिज शिरणार कुठे? म्हणजे गोठवण्याच्या आधी ते उबेत थिजवायला हवं होतं. उबेत थिजतं ते चांगलं, हे पहिल्या पानावर लाल पेनाने लिहूनही मी ते फक्त चाचणी म्हणून वापरत होते.

तेव्हापासून ती पायरी आली. बर्फावर ठेवलेल्या कोलॅजनमध्ये थंड बफर आणि सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, मग साचा ३७ अंशांत. पहिली पंधरा-वीस मिनिटं काही होत नाही. मग कडेने एक धुरकट छटा येते, आणि चहात दूध पसरावं तशी ती मधे सरकत जाते. तासाभरात चकती अपारदर्शक पांढरी. मला ह्या सगळ्या कामात सर्वांत आवडतो तो हा तास. त्यानंतर मात्र पाण्याने पुष्कळ धुवावं लागतं. बफरमधलं फॉस्फेट आत राहिलं तर पुढे कॅल्शियम घातल्या घातल्या जागच्या जागी साका होतो.

तंतू तयार झाले, तरी खनिज आत जायला तयार होईना. कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की लगेच स्फटिक होतात, आणि स्फटिक झाला की तो त्या फटीत मावत नाही. बाहेरच बसतो.

याचं उत्तर मला आधी लेखात मिळालं, पण डोक्यात शिरलं मावसभावामुळे. तो एका औष्णिक वीज केंद्रात पाण्याच्या प्रक्रियेवर आहे. अक्षय्य तृतीयेला सगळे जमलो होतो, मी ताटीची गोष्ट रंगवून सांगितली, तर तो हसायला लागला. "आमच्या कूलिंग टॉवरमध्ये पण हाच ताप नं. पाण्यात अँटिस्केलंट टाकतो आम्ही, क्षार बसू नये म्हणून." मी विचारलं, कोणतं? त्याने दोन-तीन नावं घेतली, त्यात पॉलिअ‍ॅस्पार्टेट होतं. मी हातातली पुरणपोळी ताटात ठेवली. फ्लोरिडा विद्यापीठातल्या लॉरी गॉवर यांनी खनिज तंतूंच्या आत नेण्यासाठी जो पदार्थ वापरला, तो हाच: पॉलिअ‍ॅस्पार्टिक आम्ल.

"मंग तू उलटं करून राहिली," भाऊ म्हणाला. "आम्ही बसू नये म्हणून टाकतो, तू बसाव म्हणून टाकशील."

उलटं नाही, तेच आहे. ही लांबलचक ऋणभारित साखळी कॅल्शियमला धरून ठेवते आणि खनिजाला स्फटिक होऊ देत नाही. टॉवरमध्ये एवढ्यावर काम संपतं. कोलॅजनपाशी मात्र ते अडवून धरलेलं, पाणी धरलेलं, आकार नसलेलं खनिज अतिसूक्ष्म थेंबांसारखं राहतं आणि तंतूत शिरतं. आत गेल्यावर पाणी सोडतं आणि तिथे स्फटिक होतं. शिरतं कशामुळे यावर अजून मतं वेगवेगळी आहेत: कुणी केशाकर्षण म्हणतं, कुणी कोलॅजनवरच्या धनभारित जागा म्हणतं, कुणी आतल्याबाहेरच्या भाराचा आणि दाबाचा समतोल. शरीरात हे अडवून धरण्याचं काम हाडातली आम्लधर्मी प्रथिनं करत असावीत. आईला मी सांगितलं की आतापर्यंत बालुशाही करत होते, आता गुलाबजाम करायचाय. पाक दाट झाला की साखर वर बसते, पातळ राहिला तर आत मुरतो. तिला एका वाक्यात कळलं. विभागाच्या सेमिनारमध्ये मला बारा स्लाइड लागल्या.

भावाने कौतुकाने त्यांच्याकडच्या द्रवाची एक बाटली आणून दिली होती. तपकिरी, आणि त्यात आणखी काय काय आहे देव जाणे. मॅडमनी ती लॅबमध्ये उघडूही दिली नाही. शुद्ध पॉलिअ‍ॅस्पार्टेट मागवलं. चिमूटभर पूड आणि हातात धरायला भीती वाटेल असं बिल.

कॅल्शियम ४.५ मिलिमोलर, फॉस्फेट २.१, ट्रिस, ३७ अंश, आणि पीएच ३७ अंशांनाच लावलेला. पॉलिअ‍ॅस्पार्टेट कमी पडलं तर पुन्हा ताटी, जास्त झालं तर महिनाभर काहीच नाही. मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास माझं जमलं. पहिल्या वेळी जमलं ते खनिज नव्हतं, बुरशी होती. कोलॅजन, ऊब आणि नागपूरचा जुलै, तिला आणखी काय हवं? मग सोडियम अझाइड घालावं लागलं. ते माणसालाही विषारी, आणि धातूच्या पाइपात साचलं तर स्फोटक क्षार बनू शकतात, म्हणून सिंकमध्ये ओतायचं नाही. मी त्याचा वेगळा कॅन ठेवला, त्यावर कवटी काढली. काकाजींनी खाली खडूने लिहिलं, 'हात लावू नये'.

दोन आठवड्यांनी चकती बाहेर काढली. वरून काहीच दिसत नव्हतं. फुलकोबी नाही, पांढरा थर नाही. मला वाटलं पुन्हा जानेवारी. पण चिमट्यात धरल्यावर ती वाकली नाही, आणि ताटलीत ठेवताना टक् असा बारीक आवाज झाला. याआधी माझ्या एकाही चकतीचा आवाज झाला नव्हता. ब्लेडने कापताना कच्च्या सुपारीसारखी लागली. अ‍ॅलिझरिन टाकलं, धुतलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाल.

जाळून बघितल्यावर निम्म्याहून थोडं अधिक वजन राख म्हणून राहिलं. हाडाइतकं नाही, पण ताटीही नाही. मुंबईला आयआयटीच्या सैफ ह्या उपकरण केंद्रात टीईएमसाठी, म्हणजे नमुन्याच्या आरपार बघणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी, नमुना पाठवला. त्यात स्फटिकांच्या विवर्तनाची गोल कडी न येता दोन समोरासमोरच्या कमानी आल्या, म्हणजे स्फटिक तंतूच्या लांबीला धरून उभे आहेत. तो फोटो आईला पाठवला नाही; काळ्यावर दोन राखाडी कंस, तिने विचारलं असतं डोळे तपासले का.

पेशींचं थोडक्यात सांगते, कारण ते काम अजून चालू आहे. एमजी-६३ ह्या हाडाच्या पेशींसारख्या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणल्या. फ्लास्क तोंडापर्यंत पोषक माध्यमाने भरून, थर्माकोलच्या डब्यात, रात्रभर गाडीत मांडीवर. समोरच्या काकूंनी विचारलं की लस आहे का, मी हो म्हटलं, त्यांनी एसीची हवा माझ्याकडे वळवली. ह्या पेशींना एसी नको असतो, पण मी काय सांगणार? लॅबमध्ये पहिल्यांदा त्या चकतीवर सोडल्या तर दोन दिवसांत निम्म्या गोल होऊन सुटल्या. अझाइडचा संशय होता, म्हणून आणखी धुतलं, फरक नाही. मग कळलं की खनिजाने भरलेली ताजी चकती पोषक माध्यमातलंच कॅल्शियम ओढून घेते आणि पेशी उपाशी राहतात. आता चकती आदल्या रात्री माध्यमात बुडवून तिची तहान भागवते, मग पेशी सोडते. त्या चिकटतात, पसरतात. तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली छिद्राच्या कडेवरून पाय लांबवून पलीकडे जाणारी एक दिसली, तेव्हा मी जेवायला जायचं विसरले.

हे सगळं दोन मिलिमीटर जाडीच्या चकतीत. ऑर्थोपेडिकच्या ज्या डॉक्टरांनी नमुना बघायला मागितला, त्यांनी तो दोन बोटांत फिरवला आणि म्हणाले, "छान आहे. पण माझ्या पेशंटच्या नडगीतली गॅप चार सेंटिमीटरची असते."

म्हणून परवा आठ मिलिमीटरची काढली. तीन आठवडे द्रावणात होती, पाणी मी रोज बदललं. ताटलीत ठेवताना आवाज चांगला आला. ब्लेड अर्ध्यावर सहज गेलं, जरा जास्तच सहज. अ‍ॅलिझरिन टाकून धुतलं, तर बाहेरून लाल आणि मधोमध फिक्कट गुलाबी ठिपका, चण्याच्या डाळीएवढा. काकाजी मागे येऊन उभे होते. त्यांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं.

"मधात अजून कच्चं हाय, ताई."

द्रावण चकतीतून ढकलत नेणारा छोटा पंप सोमवारी येतोय. तो जनरेटरच्या लाइनवर जोडायचा, हे मी आजच इलेक्ट्रिशियनकडून लिहून घेतलंय.